हात न मिटणारा ख्रिस्त

आमच्या चर्चचं सुशोभीकरण पूर्ण झालं त्या रविवारी बाहेरून आलेल्या एका फादरांनी प्रवचन केलं. सौंदर्य हा देवाकडे नेणारा रस्ता आहे, असं ते म्हणाले. पुस्तकानं वळत नाही, दटावून वळत नाही असा माणूसही एखादी सुंदर गोष्ट पाहून वळतो. फादर हे बोलत होते तेव्हा त्यांच्या मागे, क्रुसावरच्या नव्या ख्रिस्ताच्या डोक्याभोवती, एलईडीची माळ आधी लाल, मग निळी, मग हिरवी होत होती. गणपतीच्या मंडपात असते तशीच. मंडपातली निदान विसर्जनानंतर काढून ठेवतात.

फादरांचं वाक्य खरं होतं, म्हणून मला जास्त चीड आली. खोटं असतं तर ऐकून सोडून दिलं असतं.

वेदीमागच्या भिंतीला तपकिरी, चकचकीत फरशा लावल्या होत्या. नगर-मनमाड रस्त्यावरच्या हॉटेलांत हात धुवायच्या जागी असतात त्याच. वर पीओपीचं छत, त्यात गोल दिवे. पूर्वी खिडक्यांतून दुपारचं ऊन आत येऊन जमिनीवर लांब पट्टे पाडायचं. आता खिडक्यांना काळी काच होती, कारण एसी बसवला होता. बागेत कण्हेर फुललेली असताना वेदीवर प्लास्टिकची फुलं होती. दाराशी ग्रॅनाइटची पाटी, तिच्यावर कमिटीची नावं सोनेरी अक्षरांत. प्रभूचं नाव सगळ्यात खाली होतं, ‘प्रभूच्या कृपेने’ इतकंच.

मी या चर्चची लेक आहे. कोल्हारच्या पुढे, कालव्याच्या अंगाला, गावाबाहेरची आमची वस्ती. आई दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला जायची. मी सिस्टरांच्या बोर्डिंगात राहून शिकले, घरातली पहिली पदवीधर झाले, आता शाळेत मराठी शिकवते. माझ्याजवळ जे आहे त्यातलं बहुतेक या चर्चनं दिलं आहे. तेव्हा चर्चबद्दल वाकडं लिहू नये, असं मला पुष्कळांनी सांगितलं. पण मी चर्चबद्दल लिहीत नाही. कमिटीबद्दल लिहिते आहे. या दोन गोष्टी एक आहेत असं कमिटीला वाटतं, तो तिचा प्रश्न.

जुना ख्रिस्त लाकडाचा होता. परदेशातून आलेल्या फादरांच्या काळात इथल्याच एका सुतारानं तो घडवला, असं आमची आई सांगायची. सुतारानं परदेशी माणसं फारशी पाहिलेली नसावीत. त्यानं आमच्यातलाच एक माणूस केला. खांदे ओझं वाहून उतरलेले, बरगड्या दिसणाऱ्या, गुडघे मोठे, टाचांना भेगा. चेहरा दुःखी नव्हता, दमलेला होता. दिवसभराच्या मजुरीनंतर ओट्यावर टेकलेल्या माणसाचा. रंग कधीच उडून गेला होता. वर्षानुवर्षं करडईचं तेल पिऊन लाकूड काळंभोर आणि गुळगुळीत झालं होतं.

त्याच्या खांद्यांत कातड्याच्या पट्ट्या होत्या. गुड फ्रायडेला उपासना झाली की शिडी लावून त्याला क्रुसावरून उतरवत आणि वेदीच्या बाजूला पडद्याआड नेत. तिथे वस्तीतल्या बायका त्याला आंघोळ घालत. घरातल्या मयताला घालतात तशीच. कोमट पाणी, जुन्या लुगड्याचं मऊ फडकं, मग तेल. शेवटी खांद्याच्या पट्ट्या सैल करून दोन्ही हात छातीवर मिटायचे आणि बांबूच्या तिरडीवर निजवायचं. तिरडी बाहेर आली की पुरुष तिला खांदा देत आणि सगळी वस्ती मागे चालू लागे. त्या शुक्रवारी चर्चची घंटा वाजवत नाहीत म्हणून पुढे एक जण लाकडी खडखडा वाजवत असे.

ज्या घरात त्या वर्षी मयत झाली असेल त्या घरच्या बाईचा पहिला हात, असा रिवाज. कुणी लिहून ठेवला नव्हता, कुणी मोडलाही नव्हता.

मी लहान असताना आईबरोबर पडद्याआड जायची आणि पाणी ओतायचं काम करायची. बायका काही सारखं रडत नसत. वस्तीतल्या थोरल्या मावशीला तोंडाला कुलूप लावणं माहीत नव्हतं. ती म्हणायची, “पायाला हळू चोळ गं, गुदगुल्या झाल्या आन उठून बसला तर रविवारपत्तूर कुठं लपवायचा?” बायका पदरात तोंड घालून हसायच्या. मग हात मिटायची वेळ यायची आणि सगळ्या एकदम गप्प व्हायच्या. पसरलेले हात हळूहळू जवळ यायचे, बोटं बोटांवर पडायची, आणि इतका वेळ टांगलेला माणूस सुटल्यासारखा दिसायचा. देव आहे की नाही हे मला तेव्हा कळत नव्हतं. पण ते हात मिटताना मी पाहत असे, आणि नंतर मला प्रश्न पडत नसे. धर्मशिक्षणाच्या तासाला मी पुष्कळ उत्तरं पाठ केली. ती आता आठवत नाहीत.

आता माझ्या बहिणीबद्दल सांगायला हवं, कारण हे सगळं तिच्यामुळे लिहिते आहे.

आक्का माझ्याहून मोठी. वस्तीतच तिला दिली. पदरात एकच मुलगा. तो साखर कारखान्यात कंत्राटावर लागला होता. एका संध्याकाळी कामावरून येताना त्याची मोटारसायकल उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळली. ट्रॉलीला मागे दिवा नव्हता. सरकारी दवाखान्यात पोस्टमार्टेम झालं आणि दुसऱ्या दिवशी तो घरी आला तो पांढऱ्या कापडात शिवून, दोऱ्यांनी बांधून. उघडू नका, असं बरोबरच्या माणसानं बजावलं. आक्कानं चुलीवर पाणी तापवून ठेवलं होतं. बाप्ये म्हणाले, उशीर नको. पाणी चुलीवरच निवलं.

त्यानंतर आक्कानं देवाला शिव्या दिल्या नाहीत. ती फक्त रविवारच्या उपासनेला, मिस्साला, जायची बंद झाली. फादर घरी आले, सिस्टर आल्या, प्रार्थना-मंडळाच्या बायका आल्या. तिनं सगळ्यांना चहा केला आणि उसाचं, पाण्याचं, कुणाच्या म्हशीचं बोलली. जपमाळ खिळ्याला टांगली होती, तिच्यावर धूळ चढली.

मग गुड फ्रायडे आला. त्या वर्षीची मयत तिच्याच घरची, म्हणून थोरली मावशी तिला बोलवायला गेली. येणार नाही असं मला वाटलं होतं. ती आली. पडद्याआड बसली आणि तिनं त्या लाकडी माणसाला आंघोळ घातली. कानामागं, मानेच्या वळीत, बोटांच्या बेचक्यांत, नखांत. कुणी घाई केली नाही. हात मिटायची वेळ आली तेव्हा बाकीच्या बायका मागे सरकल्या.

घरी जाताना ती मला म्हणाली, “त्याचं हात मिटलं तवा बरं वाटलं. माझ्याचं मिटलं हुतं का न्हाई, कोनाला ठाऊक.”

तेव्हापासून पहिला हात तिचाच राहिला. दुसऱ्या घरांत मयती झाल्या, पण त्या घरच्या बायकांनीच तिच्यापुढे पाण्याचं भांडं सरकवलं. वर्षभर ती चर्चची पायरी चढत नसे, तेवढ्या एका दुपारी येई. तिचं आणि देवाचं जे काही उरलं होतं ते त्या पडद्याआड होतं. मला ते माहीत होतं, मावशीला माहीत होतं, आणि आलेल्या प्रत्येक फादरला हळूहळू समजत असे.

कमिटीला माहीत नव्हतं. कमिटीला काय माहीत असतं, हा मला कधी न सुटलेला प्रश्न आहे.

कमिटीचे अध्यक्ष रस्त्यांची आणि समाजमंदिरांची कंत्राटं घेतात. माणूस दिसला की आधी त्याच्या चपला पाहतात आणि मग बोलायचं का ते ठरवतात. चिटणीस कारखान्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात. खिशाला दोन पेनं लावतात, लिहिताना दुसऱ्याचं मागतात. कमिटीवर एक महिला प्रतिनिधीही आहेत. त्या अध्यक्षांच्या पत्नी असून पुण्याला राहतात.

जुना ख्रिस्त काळा पडला आहे, बाहेरचे पाहुणे येतात, बरं दिसत नाही, असं कमिटीत ठरलं. काळा दिसणं म्हणजे बरं न दिसणं, हे अशा चार माणसांनी ठरवलं ज्यांच्यातला एकही गोरा नव्हता. व्हॉट्सअ‍ॅपवर कॅटलॉग आला. त्यातून फायबरचा एक निवडला. गोरापान, निळे डोळे, ओठ विड्यानं रंगल्यासारखे, दाढी नुकतीच सलूनमधून आल्यासारखी, दंड आणि पोट जिममध्ये कमावलेलं. बरगडीतली जखम नेलपॉलिशच्या रंगाची. भाऊसाहेब मला कौतुकानं सांगत होते, “मॅडम, मेंटेनन्स झिरो. तेल नाही, पाणी नाही. ओल्या फडक्यानं पुसला की झालं.”

तेल-पाणी हाच तर आमच्या बायकांचा धर्म होता, हे मी त्यांना म्हटलं. त्यांनी मान डोलावली आणि विजेच्या कनेक्शनचं सांगू लागले.

जुना ख्रिस्त मागच्या स्टोअरमध्ये, मोडक्या बाकड्यांच्या आणि रंगाच्या डब्यांच्या मागे गेला.

फायबरचा आणताना त्याचे हात मिटतात का, हे कुणी विचारलं नाही. पुढं जे झालं ते यातून झालं, म्हणून नीट सांगते. या माणसांनी, आणि यांच्या बापांनी, तिरडीला खांदा दिला होता. क्रुसावर हात पसरलेला माणूस त्यांनीच उतरवून पडद्याआड द्यायचा आणि छातीवर हात मिटलेला माणूस त्यांनीच पडद्याबाहेरून उचलायचा. मधल्या वेळात काय होतं याची त्यांच्यातल्या एकालाही कधी उत्सुकता वाटली नव्हती. ताट वाढून पुढं येतं तसा मेलेला देव तयार होऊन पुढं येतो, अशी त्यांची समजूत.

गेल्या वर्षीचा गुड फ्रायडे असा आला. ऊन इतकं होतं की कालव्याच्या कडेची कुत्री पाण्यात बसली होती. आक्का येणार नव्हती. नव्याला मी वळखत न्हाई, असं तिनं मला स्वच्छ सांगितलं होतं. मावशीनं तिला समजावलं, की अगं, लाकूड काय आन प्लास्टिक काय, मेलेलं मानूस हाय, पानी तर घातलं पायजे. आक्का आली. येताना तिनं भांड्यात तेल आणलं होतं.

उपासना झाली. नव्याला क्रुसावर बोल्ट लावले होते, ते सोडवायला पाने मागवावे लागले. एक पाना दुखवट्याच्या शांततेत फरशीवर पडला आणि सगळं चर्च दचकलं. मग दोघांनी त्याला पडद्याआड आणून बायकांच्या पुढं ठेवला.

तो आडवा झाला तसे त्याचे हातही आडवे झाले. पूर्ण पसरलेले, ताठ. मावशीनं एका हाताचा कोपर धरून हलवून पाहिला. मग दुसऱ्याचा. खांद्याला सांधा नव्हता. तिरडीवर ठेवला तर दोन्ही हात बांबूंच्या कितीतरी बाहेर. शिवाय पडद्यापासून बाहेर जायचं दार अरुंद.

“तिरका काढावा लागंल,” एक जण म्हणाली. “सोफा काढत्यात तसा.”

“पंखा हाय गं ह्यो,” मावशी म्हणाली. “वर टांगा आन बटन दाबा.”

कुणी हसलं नाही, पण कुणी तिला गप्पही केलं नाही. आक्का हातातलं भांडं धरून बसली होती. तिनं त्याला अजून स्पर्श केला नव्हता.

उशीर का होतोय म्हणून अध्यक्ष पडद्याआड आले. आयुष्यात पहिल्यांदाच आले असावेत. त्यांनी आधी मूर्तीकडे पाहिलं, मग बायकांकडे, जणू हे आम्हीच केलं होतं. आतापर्यंत हात कसे मिटत होते, असं त्यांनी विचारलं. मावशीनं सांगितलं. त्यांना ते पहिल्यांदा कळलं. त्यांनी मूर्तिवाल्याला फोन लावला. तो म्हणाला की क्रुसावरच्या मॉडेलला हीच पोझिशन येते, कंपनीची स्टँडर्ड आहे. भाऊसाहेब आले. कार्यक्रमपत्रिका छापलेली आहे आणि तिच्यात मिरवणुकीची वेळ दिलेली आहे, ही माहिती त्यांनी पुरवली. पाठोपाठ आमचे फादर आले. नवे, तरुण, भले. कुणालाच दुखवायचं नाही म्हणून ते सगळ्यांचंच ऐकतात, आणि त्यामुळे जो मोठ्यानं बोलतो त्याचं होतं.

मोठ्यानं अध्यक्ष बोलले. खांद्यातून दोन्ही हात कापायचे, छातीवर ठेवायचे, वर चादर घालायची. रविवारच्या आत एमसील लावून परत जोडून देऊ, कळणारही नाही. त्यांचा माणूस टेम्पोतून ग्राइंडर घेऊन आला. वायर पुरेना, तेव्हा एलईडीच्या माळेची पिन काढून तिथं जोडली. मी म्हटलं, अहो, तुम्ही काय करताय. अध्यक्ष म्हणाले, “टीचर, तुम्ही शिकलेल्या आहात. भावनेत अडकू नका. फायबर आहे ते.”

त्या माणसानं ग्राइंडर एकदा चालवून पाहिला. त्या बंद जागेत तो आवाज डोक्यात शिरला. त्यानं खांद्यावर पेन्सिलीनं रेघ मारली.

आक्का उठली. भांडं तिच्या हातातच होतं.

“ते बंद करा,” ती म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. “माझ्या पोराला असंच आतल्या खोलीत नेलं हुतं. आमाला भाईर बसवलं. आत काय काय कापलं ते आमाला दाखवलं न्हाई. शिवून दिला. ह्याला तरी कापू नका.”

ग्राइंडरवाल्यानं पिन काढली आणि तो वायर गुंडाळायला लागला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. अध्यक्षांनी त्याला अडवलं नाही. ही एक गोष्ट मी त्यांच्या बाजूनं लिहिते.

मग आक्कानं मला विचारलं, “जुना कुठं टाकलाय?”

स्टोअरला फक्त कडी होती. आम्ही बायका गेलो. बाकडी ओढली, डबे बाजूला केले. तो तोंड भिंतीकडे करून उभा ठेवलेला होता. शिक्षा केलेल्या पोरासारखा. खांद्यावर पांढऱ्या रंगाचे शिंतोडे, काखेत उंदरानं कापूस जमवलेला. आम्ही त्याला उचलून तिथंच स्टोअरच्या जमिनीवर निजवला. पडदा नव्हता, मेणबत्ती नव्हती. दारातून ऊन येत होतं. आक्कानं आधी उंदराचं घर काढलं आणि हळूच कोपऱ्यात ठेवलं. मग पाणी घातलं. धूळ वाहून गेली तशी खालचा काळा रंग वर आला. खांद्याचं कातडं वाळून कडक झालं होतं. ती तेल लावून ते बोटांनी चोळत राहिली, चोळत राहिली. मी पाणी ओतत होते. बऱ्याच वेळानं कातडं मऊ पडलं, आणि तिनं एक हात छातीवर आणला. मग दुसरा.

त्याबद्दल मी जास्त लिहीत नाही. बाहेर पीओपीचं छत होतं, एसी होता, दिवे होते. आणि चर्चच्या साऱ्या आवारात बघण्यासारखी एकच गोष्ट होती, ती रंगाच्या डब्यांमध्ये होती.

इकडे भाऊसाहेबांनी पत्रिका सोडली नाही. नव्याला टेम्पोत उभा केला, दोरीनं बांधला, वर हार घातला. हात पसरलेले असल्यामुळे तो मतं मागायला निघालेल्या उमेदवारासारखा दिसत होता. खडखडा वाजवणाऱ्याला रजा देऊन मोबाईलवरचा खडखडा स्पीकरला लावला होता, त्यात मध्येच कुणाचा तरी फोन वाजायचा. टेम्पोच्या मागे जुन्याची तिरडी, आम्हा बायकांच्याच खांद्यावर. त्या वर्षी आमच्या वस्तीनं एकाच देवाची मिरवणूक आणि मयत एका वेळी काढली.

कालव्याच्या पुलावर एक शेतकरी बैल थांबवून उभा होता. डोक्यावरची टोपी काढलेली. दर वर्षी काढतो. त्यानं मला विचारलं, “बाई, म्होरला कोन आन मागला कोन?”

“म्होरला कमिटीचा,” मावशीनं परस्पर सांगून टाकलं.

यानंतर कमिटीला अक्कल येईल असं वाटणाऱ्यांत मी एक होते. शिकलेल्या माणसाला अशा भाबड्या आशा असतात. कमिटीची बैठक झाली आणि तिनं दोन निर्णय घेतले. फायबरचा आणखी एक ख्रिस्त मागवायचा, निजलेला, हात मिटलेला. म्हणजे टांगायला एक आणि न्यायला एक. आणि जुनी मूर्ती हा आपल्या धर्मग्रामाचा वारसा असल्यानं तिचं जतन करायचं. ‘वारसा’ हा शब्द भाऊसाहेबांना कुठून मिळाला ठाऊक नाही. वर्षभर उंदराला आंदण दिलेली वस्तू बायकांनी खांद्यावर घेतल्याबरोबर वारसा झाली.

चर्चच्या दाराशी काचेची पेटी केली. आत ट्यूबलाईट, खाली लाल मखमल, पेटीला कुलूप. काचेवर पाटी लावली, ‘हात लावू नये’.

ती पाटी मी दोनदा वाचली. माझ्या आजोबांना गावातल्या देवळाच्या पायरीला हात लावायची मुभा नव्हती. तिथं पाटी नव्हती. पाटीची गरज नव्हती आणि आजोबांना वाचताही येत नव्हतं. ते या चर्चमध्ये आले ते कुणी पुस्तक वाचून दाखवलं म्हणून नाही. आई सांगायची, की इथं देवाला हात लावू देतात, त्याच्या पायाला तेल लावू देतात, हे त्यांनी पाहिलं आणि ते आत आले. त्यांच्या नातवंडांच्या पिढीत, त्यांच्याच वस्तीतल्या माणसांनी, त्याच देवावर ती पाटी लावली. छापून, लॅमिनेशन करून. अध्यक्षांचे आजोबाही माझ्या आजोबांबरोबरच आत आले होते.

यंदाच्या गुड फ्रायडेला आक्का तेल घेऊन आली आणि पेटीपुढं उभी राहिली. किल्ली भाऊसाहेबांकडे. भाऊसाहेब म्हणाले, ठराव झाला आहे, पेटी उघडायची तर नवा ठराव लागेल, आणि शिवाय पाण्यानं लाकूड खराब होतं. इतकी वर्षं ते पाण्यानंच टिकलं होतं, असं आक्का म्हणाली. ते म्हणाले, तुमच्या भावना समजू शकतो. पडद्याआड निजलेला नवा ख्रिस्त हात मिटूनच आला होता. त्याला कुणाची गरज नव्हती. बायका त्याच्याभोवती बसल्या आणि काय करावं ते न सुचून थोड्या वेळानं उठल्या. आक्का आत गेलीच नाही. काचेपाशी बसून राहिली आणि तेल तसंच घेऊन घरी गेली.

मला वाटलं, संपलं. तेवढा एक धागा होता, तो यांनी तोडला. घरी येऊन मी नवऱ्यापुढं कमिटीला जे जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पुढच्या रविवारी मिस्साच्या वेळी आक्का चर्चच्या दारात उभी होती. मुलगा गेल्यापासून रविवारी ती पहिल्यांदा आली होती. मी जवळ गेले तर म्हणाली, “भाऊसायब कुठं बसत्यात?” मिस्सा संपल्यावर तिनं त्यांना गाठलं आणि किल्ली मागितली. त्यांनी ठराव सांगितला. त्याच्या पुढच्या रविवारी ती परत आली. मग त्याच्या पुढच्या. भाऊसाहेब मागच्या दारानं जायला लागले, तेव्हा ती पुढच्या बाकावर, त्यांच्या शेजारी जाऊन बसायला लागली. तिथं बसल्यावर उठावं लागतं, गुडघे टेकावे लागतात, सगळे म्हणतात ते म्हणावं लागतं. ती ते करत होती. डोळे भाऊसाहेबांच्या खिशावर.

लोक म्हणायला लागले, आक्काची श्रद्धा परत आली. प्रार्थना-मंडळाच्या बायकांनी तर देवानं कसं परत आणलं ते सगळ्यांपुढं सांगायला, साक्ष द्यायला, बोलावलं. ती मला म्हणाली, “साक्ष कसली. मी भांडायला जाते.”

गेल्या रविवारी भाऊसाहेब आलेच नाहीत. पाहुण्यांकडे लग्न होतं म्हणे. आक्का पुढच्या बाकावर एकटीच बसली होती. ख्रिस्तशरीर म्हणून देतात ती पवित्र भाकर घ्यायला लोक रांगेत उभे राहू लागले तशी तीही उठली. मी तिच्या मागेच होते. ती कशासाठी उठली ते मला कळलं, कारण रांगेच्या टोकाला फादर होते आणि मिस्सानंतर ते लगेच दुसऱ्या गावाला जातात.

तिची पाळी आली. फादर दोन शब्द म्हणतात, घेणारा ‘आमेन’ म्हणतो. त्यांनी नेहमीसारखं म्हटलं, “ख्रिस्ताचे शरीर.”

“तेच तर मागतीय, फादर,” आक्का म्हणाली. “किल्ली त्यांच्याकडं हाय. तुमी सांगितलं तर देतील.”

फादरांचा हात तसाच राहिला. ती किती वर्षांत पापनिवेदनाला आलेली नाही, हे त्यांना माहीत आहे. पापनिवेदन केल्याशिवाय भाकर देऊ नये, हा नियमही माहीत आहे. मागे रांग थांबली होती आणि गायनमंडळाचं गाणं संपत आलं होतं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग तिचा तळहात आपल्या डाव्या हातानं उघडला आणि त्यावर भाकर ठेवली.

आक्का तळहाताकडे पाहत राहिली. लहान मुलाच्या हातात कुणी काही दिलं की ते पाहतं तशी नाही. चिडून, जणू मागितलं एक आणि दिलं दुसरंच. मग तिनं ती तोंडात घातली आणि बाकावर येऊन बसली. मी शेजारी बसले. गाणं थांबल्यावर तिनं हलकेच मला विचारलं, “आमेन म्हनायचं राहिलं. आता म्हनलं तर चालतंय का?”

चालतं, मी म्हटलं. तिनं म्हटलं.

किल्ली अजून भाऊसाहेबांकडेच आहे. फादरांनी विषय काढला, तेव्हा अध्यक्षांनी तो पुढच्या बैठकीत घेऊ म्हणून सांगितलं. बैठकीची तारीख ठरायची आहे, कारण अध्यक्ष सध्या एका समाजमंदिराच्या छताच्या कामात आहेत. पीओपीचंच करणार आहेत, असं ऐकते. आक्कानं येत्या रविवारसाठी पातळ धुऊन ठेवलं आहे.